पिठावरची पावलं

८ नोव्हेंबर १८९६, कल्याण

आलो बुवा एकदाचे! मुरबाडाहून बैलगाडीनं निघालो तेव्हा तांबडंसुद्धा फुटलं नव्हतं, आणि कल्याणात शिरलो ते दिवेलागणीला. वाटेत एक बैल बसला, गाडीवान रुसला, गोदाची लोणच्याची बरणी कलंडली आणि माझं एकुलतं एक धड धोतर तेलानं माखलं. जया मात्र वालाच्या पोत्यावर तंगड्या पसरून खुशाल झोपली होती. उठल्याबरोबर पहिला प्रश्न, खाडी कुठाय? पोर चार वर्षांची, पण हुकूम असे सोडते की मामलेदारानं झक मारावी.

पारनाक्यामागं सहदेव हवालदारांच्या घरात पुढच्या दोन खोल्या मिळाल्या आहेत. हवालदार काबूलच्या लढाईवर जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले. मिशा अजून पलटणीतल्याच. बायको कमळाबाई, पोटी मूलबाळ नाही. त्यांनी जयाला गाडीतून जी उचलली ती जेवायची पानं मांडेपर्यंत खाली ठेवली नाही. आम्हांला विचारतंय कोण!

मुरबाडच्या शाळेत पोरांकडून पाढे घोकून घ्यायचो, आता इथल्या कचेरीत जन्ममरणाची नोंद करायची. गोदा म्हणते, आता मी चित्रगुप्ताची बायको झाले, शेजारणी वचकून राहतील. टोमणे मारायला तिला निमित्त लागत नाही. आत्ताच मी चष्मा हुडकत घरभर फिरलो आणि तो निघाला माझ्याच काखेत धरलेल्या वहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणून मायलेकी हसत सुटल्या.

जयाला एक नवी खोड लागली आहे. जेवताना भाकरीचा तुकडा मोडते आणि हळूच माझ्या गुडघ्याखाली सारते. का, तर बाबांना मागून भूक लागते. आज उठलो तर धोतराला चार तुकडे चिकटलेले.

२० नोव्हेंबर

काम अंगवळणी पडलं. सकाळी लोक येतात, कोण गेलं, वय काय, कशानं गेलं, ते सांगतात. मी लिहितो. शिपाई गुणाजी दाराशी उभा राहून आलेल्याला पाणी देतो. खाडीकाठच्या आगरातला, मिठाच्या कामावर वाढलेला माणूस. आवाज असा की मेलेला उठून बसेल. मी त्याला हे म्हणालो तर म्हणतो, रावसाब, मग तुमची नोकरी जाईल.

माणसं कशाकशानं मरतात हे पाहायचं तर इथं यावं. कोणाला देवी येतात, कोणाला पटकी होते, कोणी बाळंतपणात जाते, कोणाला भातशेतात पान लागतं, म्हणजे साप डसतो. एक बुवा फणसावरून पडले. एक आजी देवाला फुलं वाहता वाहता आडव्या झाल्या. त्यांचं लिहिताना मलाच बरं वाटलं. प्रत्येकाचं मरण ज्याचं त्याचं, चेहऱ्यासारखं.

संध्याकाळी हे हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, काबूलला त्यांच्या तुकडीतली गोळीनं किती मेली ते बोटांवर सांगता येईल, बाकीची सगळी हगवणीनं आणि थंडीनं गेली. पण घरी पत्रं गेली ती एकाच मजकुराची, लढाईत पडला. ती लिहिणारे हवालदारच. बायकांना तेवढंच समाधान, म्हणून लिहिली. मी म्हटलं, पुण्यच केलंत. तर म्हातारा म्हणाला, मास्तर, तंबूच्या कडेनं मग रात्रभर काय काय फिरायचं ते तुम्ही ऐकलं नाहीत.

३ डिसेंबर

गेल्या आठवड्यात हसून पुरेवाट झाली. गुणाजीची आत्या म्हातारपणानं गेली, म्हणून मी त्याच्या घरी जाऊन आलो. म्हातारी जिथं निजली होती तिथं जमिनीवर तांदळाचं पीठ पसरून, शेजारी दिवा लावून, वर टोपली पालथी घातली होती. आमच्याकडेही हे करतातच. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जे पाऊल उमटेल तो जन्म मेलेल्याला मिळाला.

टोपली उचलली तर खरंच बारीक तीन बोटं! चिमनी झाली हो आते, चिमनी झाली, म्हणून गुणाजी त्या आवाजात ओरडला आणि सगळं घर रडता रडता हसायला लागलं. आता टोपलीला एका कडेला हे एवढं भोक होतं, आणि अंगणात चिमण्यांचा बाजार भरलेला. पण मी कशाला बोलू? तेव्हापासून नोंद करायला येणारा मला पावलं काय उमटली तेही सांगून जातो. कोणाचं वासरू, कोणाचा कावळा. गोदा रोज विचारते, आज कोण काय झालं?

१७ जानेवारी १८९७

संक्रांत झाली, पण तिळगूळ वाटायला कोणाच्या घरी जायची सोय नाही. मुंबईचा रोग इकडे आला. काखेत नाहीतर जांघेत गाठ येते, अंग भट्टीसारखं तापतं, माणूस बरळतो आणि दोनतीन दिवसांत आटोपतं. आधी घरात उंदीर पडतात. भर दुपारी ओटीवर येतात, झिंगल्यासारखे गोल फिरतात आणि पडतात.

गाठीचा ताप म्हणून नोंद झाली की डाक्टर आणि शिपाई येतात. घराला कुलूप, सामानाची होळी, आणि घरातल्या सगळ्यांना विठ्ठलवाडीकडच्या माळावर ज्या झोपड्या बांधल्यात तिथं नेतात. तिथून परत आलेलं कोणी मी तरी पाहिलेलं नाही. मग लोक काय करणार? माझ्यासमोर हात जोडून सांगतात, रावसाहेब, जुना खोकला होता. रावसाहेब, हगवण लागली. मला कळतं. त्यांनाही कळतं की मला कळतं. मी लिहितो.

नुसत्या नोंदी पाहील त्याला वाटेल, कल्याणात यंदा दम्याची साथ आली.

३० जानेवारी

हवालदार गेले. दोन दिवस तापात पलटणीला हुकूम देत होते. काखेत गाठ होती, मी स्वतः पाहिली.

कमळाबाईंनी माझे पाय धरले. चाळीस वर्षं ज्या घरात चूल पेटवली तिथून मला माळावर घालवू नका म्हणाल्या. पाय धरले नसते तरी मी तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू? त्यांच्याबरोबर आमचीही वरात निघाली असती, गोदाची आणि जयाची. लिहिलं, जुना दमा.

गोदाला सांगितलं तेव्हा ती चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. मी चिडलो. म्हटलं, तुला झोपडीत जायचंय का? ती सारवत राहिली.

३१ जानेवारी

सकाळी कमळाबाईंनी बोलावलं. टोपली उचलली होती. पिठावर इवली इवली पावलं, आणि मधून शेपटीची रेघ. उंदीर.

मी म्हटलं, पीठ पसरल्यावर उंदीर येणार नाही तर काय हत्ती येणार? कमळाबाईंनी ऐकलंच नाही. त्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, पाय ओढत चालायची सवय गेली नाही त्यांची.

६ फेब्रुवारी

कमळाबाई रोज भात कालवून भिंतीच्या भोकाशी ठेवतात. एक मोठा करडा उंदीर येतो, भिऊन पळत नाही, बसून खातो. मी काठी घेतली तर त्या आडव्या पडल्या. आणखी किती घरांत हेच चाललंय ते गुणाजीकडून कळलं. ज्याच्या त्याच्या पिठावर उंदीर उमटतोय, आणि लोक उंदरांना बाप म्हणून, सासू म्हणून दूधभात घालतायत. एरवी ज्याला झाडूनं हाणलं असतं तो मेला तर ओंजळीत घेऊन रडतायत. गुणाजीनं हे हळू आवाजात सांगितलं. त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

जया त्या उंदराला हवालदार आजोबा म्हणते. तिला बजावलं, जवळ गेलीस तर तंगडं मोडीन. तिनं मलाच दटावलं, आजोबांसमोर असं बोलू नये.

गोदा म्हणते, आपण मुरबाडला जाऊ. मलाही वाटतं. पण कचेरीत काय सांगू? दम्यानं म्हातारा गेला म्हणून कोणी बायकापोरं घेऊन घर सोडतं का? घर सोडलं की डाक्टरला वास लागलाच. आणि नाक्यावर गाड्या अडवून काखा चाचपतात, चौकशा करतात. एकदा जे लिहिलं त्यातच आता राहायला पाहिजे. थोडे दिवस जाऊ देत, मग काहीतरी निमित्त काढू.

११ फेब्रुवारी

जे झालं ते लिहून ठेवतो.

सखुबाई म्हणून एक बाई आली होती. तांदळाच्या वखारीवर काम करणारे तिचे दोन मुलगे, गोविंदा आणि गणू, एकाच दिवशी गेले. गोविंदा स्टेशनापाशी पडला. डाक्टरसमोरच गेला, त्यानं गाठीचा ताप लिहून पाठवलं. गणू घरात गेला. त्याचं मी हगवण लिहिलं होतं, तिच्याच सांगण्यावरून.

ती भांडायला आली नव्हती. नुसती विचारत होती. दोघांना दोन टोपल्या घातल्या, एकाच खोलीत, एकच पीठ. गोविंदाच्या पिठावर वासराचा खूर. गणूच्या पिठावर उंदीर. दोघं एका ताटात जेवले, एकाच रोगानं गेले, मग माझ्या गणूनं काय पाप केलं होतं रावसाहेब?

मी तिला घरी जायला सांगितलं. मग दार लावून घेतलं आणि आठवत बसलो. गुणाजीची आत्या, गोविंदा, आणि ज्यांचं ज्यांचं मी खरं लिहिलं ते सगळे. चिमणी, वासरू, कावळा. आणि मी ज्यांचं खोटं लिहिलं —

हा योगायोग असेल. असायलाच पाहिजे. पिठाला काय कळतं मी काय लिहिलं ते?

हवालदार म्हणाले होते, तंबूच्या कडेनं रात्रभर फिरायचं.

१४ फेब्रुवारी

तो उंदीर पडला. कमळाबाईंनी त्याला हवालदारांच्या उपरण्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवलं आणि खाडीवर न्यायला माणूस बोलवायला गेल्या. तेवढ्यात जया —

परकराच्या ओच्यात घेऊन बसली होती. थोपटत होती. बोटावर ओठ ठेवून मला म्हणाली, आजोबा झोपलेत.

गोदानं तिला हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, परत घातलं. परकर जाळला. मी लेकीला मारलं. पहिल्यांदाच मारलं. तिला कळेना कशाबद्दल ते.

१६ फेब्रुवारी

कमळाबाई पहाटे गेल्या. लिहिलं, म्हातारपण. लिहिताना माहीत होतं मी काय करतोय ते. पण जयाचं अंग कोमट लागतंय, आणि आज शिपाई दारात आले तर तिला उचलून नेतील.

१७ फेब्रुवारी

ताप. जांघेत. हात लावू देत नाही. देवा, माझी पोर राहू दे, मला ने.

वैद्यबुवांनी दारातूनच लेप दिला. गोदा तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. भाकरी मागितली जयानं. खाल्ली नाही. तुकडा मोडून माझ्या गुडघ्याखाली ठेवला.

१९ फेब्रुवारी

जया गेली.

खाडीकाठी पुरून आलो. गुणाजी होता बरोबर. खड्डा त्यानं खणला, मला जमेना. तो म्हणाला, रावसाब, पोरीचा तरी खरा लिवा.

घरी आलो तर गोदाला हुडहुडी भरली होती.

आता मी काय करू? खरं लिहिलं तर उद्या सकाळी गोदाला माळावर नेतील, तिथं चटईवर एकटी — आणि खोटं लिहिलं तर जया —

गोदा जिवंत आहे. जिवंत माणसाचं आधी पाहायचं असतं ना?

लिहिलं, गोवर.

२० फेब्रुवारी

एवढ्या लहान लेकराला टोपली घालत नाहीत. गोदानं घातली. तापानं उभं राहवत नव्हतं, भिंत धरून पीठ चाळलं.

मी उजाडताच तिच्या आधी गेलो. म्हटलं, बोटानं चिमणीचं पाऊल काढून ठेवावं. एवढं तरी. एवढ्या लोकांच्या समाधानाकरता लिहिलं, हिच्याकरता एक चिमणी.

उचलली. पावलं होती. फार बारीक. उंदराच्या पिल्लाची.

पीठ पुसत होतो तोवर गोदा मागं येऊन उभी. मला वाटलं बोल लावील. तिनं विचारलं, तिचं काय लिहिलंत? मी सांगितलं.

ती म्हणाली, तिचं मरणसुद्धा तुम्ही तिला दिलं नाहीत हो.

२२ फेब्रुवारी

भिंतीतून खुडखुड. दिवसासुद्धा. गुणाजी दोन दिवस आला नाही.

मी भाकरी खात होतो. एक पिल्लू आलं. भ्यालं नाही. माझ्या ताटातला तुकडा तोंडात धरला, खाल्ला नाही. माझ्या गुडघ्यापाशी आणून —

गुडघ्याखाली सारला.

२३ फेब्रुवारी

गोदा गेली. शेवटी शुद्ध नव्हती. काखेत कळसा, म्हणून हसत होती.

आता लपवायला कोण उरलं? कचेरीत गेलो. लिहिलं, गोदा, वय चोवीस, गाठीचा ताप. कधी नव्हे ते अक्षर नीट आलं. डाक्टर म्हणाला, उद्या सकाळी घर बंद करायला माणसं येतील, तुम्ही गाठोडं बांधून ठेवा. बसल्या बसल्या बाकीच्यांचंही खरं लिहिलं. हवालदार. कमळाबाई. गणू. आठवतील तितके सगळे. जयापर्यंत आलो आणि लेखणी —

घरी आलो. गोदा निजली होती तिथं मीच पीठ पसरलं.

२४ फेब्रुवारी, सकाळ

चिमणी. गोदा चिमणी झाली.

सुटली. गेली. आणि लेक इथं, भिंतीत. मायलेकींची ताटातूट मी केली. या हातानं. गोदा कुठल्या झाडावर बसून हाका मारीत असेल, आणि ही —

भिंती गप्प आहेत. सगळे गेले. एकच खुडखुड.

२४, दुपार

माणसं अजून आली नाहीत. डाव्या काखेत सकाळपासून दुखतंय. चष्मा नाही तिथं.

कचेरीपर्यंत पाय जायचे नाहीत. इथंच लिहीन. लेखणी तीच आहे, शाई तीच.

लिहिलं की ती जाईल. आईकडं जाईल. जायलाच पाहिजे. मला कळतं.

पण मांडीवर येऊन बसली आहे. अंग गरम आहे तिचं. झिंगून पडली दोनदा, तरी चढून आली. दारात कोणीतरी आलंय, कुलपाचा आवाज — थांबा म्हणावं — जरा —

पोरी, बघू नकोस अशी. लिहितो. बाबा लिहितोय.

जया. वय चार. कारण —